पेप्टाइड घालूनही बँड जात नाही: केळीच्या सीएमव्ही ब्लॉटवरचा नेहमीचा घोळ

रावेर-यावलकडे मृगबागेच्या केळीवर हरण्या, म्हणजे विषाणूमुळे येणारा केळीचा रोग, दिसू लागला की पानांचे नमुने प्रयोगशाळेत येतात आणि त्यांच्यामागोमाग हा प्रश्नही येतो. पानाच्या अर्काचा वेस्टर्न ब्लॉट केला, म्हणजे अर्कातली प्रथिने जेलवर आकारानुसार वेगळी करून मेम्ब्रेन या पातळ पडद्यावर उतरवली. कुकुंबर मोझॅक व्हायरसच्या, म्हणजे सीएमव्हीच्या, कवच प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी लावली. २५ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचे एकक) जवळ एक बँड, म्हणजे रंगाची रेघ, आली आणि ५५ च्या जवळ दुसरा, त्याहून जाड. आता खरा कोणता हे ठरवायला अँटिबॉडीत ब्लॉकिंग पेप्टाइड, म्हणजे तिच्या पकडी अडवणारा प्रथिनाचा छोटा तुकडा, मिसळून ब्लॉट पुन्हा केला, तर दोन्ही बँड जसेच्या तसे. पुढच्या वेळी पेप्टाइड दुप्पट घातले, तर दोन्ही गायब. मग कोणी म्हणते पेप्टाइड खराब, कोणी म्हणते अँटिबॉडी खराब, आणि कंपनीला मेल जातो.

बहुतेक वेळा पेप्टाइडही चांगले असते आणि अँटिबॉडीही. चूक असते ती या चाचणीकडून काय अपेक्षा ठेवली त्यात आणि तिच्याबरोबर मेम्ब्रेनच्या तुलनेसाठीच्या कोणत्या पट्ट्या चालवल्या नाहीत त्यात. ब्लॉकिंग पेप्टाइड एकाच प्रश्नाचे उत्तर देते: हा सिग्नल अँटिबॉडीच्या पकडीच्या जागेतून येतो आहे की दुसरीकडून? तो बँड विषाणूचाच आहे का, हे पेप्टाइड एकटे सांगू शकत नाही. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की अर्धा गोंधळ मिटतो.

पेप्टाइड नेमके काय करते

अशी अँटिबॉडी तयार करताना कवच प्रथिनाचा १२ ते २० अमिनो आम्लांचा तुकडा रासायनिक पद्धतीने बनवतात. तो केएलएचसारख्या मोठ्या वाहक प्रथिनाला जोडतात आणि सशाला टोचतात. सशाच्या रक्तद्रवात त्या तुकड्याला पकडणाऱ्या अँटिबॉडी तयार होतात. तोच तुकडा, वाहकाशिवाय, अँटिबॉडीत आधीच मिसळला तर पकडीच्या जागा भरून जातात आणि मेम्ब्रेनवरच्या प्रथिनाला धरायला काही उरत नाही. त्या पकडीतून येणारा बँड मग फिका पडतो किंवा जातो. सेकंडरीमुळे (प्रायमरीला, म्हणजे पहिल्या अँटिबॉडीला, धरून रंग देणारी दुसरी अँटिबॉडी), चिकटपणामुळे किंवा वाहकाविरुद्धच्या अँटिबॉडीमुळे आलेला बँड राहतो.

इथेच पहिली अट लक्षात येते. पेप्टाइड तेच हवे, ज्याच्यावरून ती अँटिबॉडी बनली. हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. अँटिबॉडी पूर्ण कवच प्रथिनाविरुद्ध किंवा शुद्ध केलेल्या विषाणूविरुद्ध बनवलेली असेल, तर तिच्यात अनेक वेगवेगळ्या जागा ओळखणाऱ्या अँटिबॉडींचे मिश्रण असते. १५ अमिनो आम्लांचा एक तुकडा त्यातल्या मूठभरच अडवतो. बँड थोडा फिका झाला तरी नशीब. मोनोक्लोनल (एकच जागा ओळखणारी) असेल आणि ती प्रथिनाची घडी ओळखत असेल, तर सरळ धाग्यासारखे पेप्टाइड तिला अडवूच शकत नाही. म्हणून माहितीपत्रकात ‘इम्युनोजेन’ (ज्याच्यावरून अँटिबॉडी बनवली ते) या शब्दापुढे काय लिहिले आहे ते आधी वाचा. तिथे पेप्टाइड लिहिलेले नसेल तर ही चाचणी त्या अँटिबॉडीसाठी नाही, आणि पुढचे सगळे प्रयोग वाचतात.

पेप्टाइडला हात लावण्याआधी सेकंडरीची पट्टी

एक पट्टी प्रायमरीशिवाय चालवा. फक्त ब्लॉकिंग, सेकंडरी आणि रंग. त्या पट्टीवर ५५ चा बँड आला, तर विषय तिथेच संपला. तो प्रायमरीचा नाही आणि कितीही पेप्टाइड ओतले तरी जाणार नाही.

केळीच्या पानात ५५ च्या जागी कोण बसले आहे हे माहीत असायला हवे. रुबिस्को, म्हणजे पानातले कार्बन डायऑक्साइड पकडणारे एन्झाइम, त्याचा मोठा घटक साधारण ५५ किलोडाल्टनचा आहे. केळीसारख्या सी-३ वनस्पतींच्या पानात विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत वाटा एकट्या रुबिस्कोचा असू शकतो. ट्रान्सफर (प्रथिने जेलवरून मेम्ब्रेनवर उतरवणे) झाल्यावर पॉन्सो एस हा सगळ्या प्रथिनांना लाल करणारा रंग टाकून मेम्ब्रेन पाहा. त्या उंचीवर आडवा जाड लाल पट्टा दिसेल, इतका की शेजारच्या रेघाही त्याने वाकवलेल्या असतात. एवढ्या मोठ्या साठ्यावर कोणतीही अँटिबॉडी थोडीफार चिकटते. हातात आलेला ५५ चा बँड पॉन्सोच्या त्या पट्ट्यावर तंतोतंत बसत असेल, तर आधी संशय रुबिस्कोवर घ्यायचा.

डॉट ब्लॉट (अर्काचा ठिपका थेट मेम्ब्रेनवर) किंवा पानाचा ठसा मेम्ब्रेनवर घेत असाल तर आणखी एक गोष्ट. केळीच्या रसात पेरॉक्सिडेज भरपूर असते. एसडीएस या डिटर्जंटमध्ये उकळलेल्या नमुन्यात ते बहुतेक मरते, पण ठशात जिवंत राहते आणि एचआरपीच्या (सेकंडरीला रंगासाठी जोडलेले पेरॉक्सिडेज) रंगद्रव्याला स्वतःच रंग देते. तिथे प्रायमरी नाही, सेकंडरी नाही, तरी डाग येतो. म्हणून वनस्पतींच्या विषाणूंच्या कामात अल्कलाइन फॉस्फेटेज जोडलेली सेकंडरी पुष्कळ जण वापरतात. ती वापरताना धुण्यासाठी टीबीएस घ्या, पीबीएस नको. फॉस्फेट त्या एन्झाइमला दाबतो.

बँड जात नाही: आधी कुपी पाहा

सेकंडरीची पट्टी स्वच्छ आहे, पेप्टाइड बरोबर आहे, तरी एकही बँड हलत नाही. आता पेप्टाइड खरोखर द्रावणात आहे का ते पाहायचे.

एक मिलिग्राम पेप्टाइड म्हणजे कुपीच्या तळाशी पांढरी साय धरल्यासारखा पातळ थर. कधी तोही दिसत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की स्थिर विजेने ही भुकटी झाकणाच्या आतल्या कडेला जाऊन बसते. झाकण उघडले, खाली पाणी घातले, आणि निम्मा माल झाकणावरच राहिला. पावसाळ्यात उलटे होते. फ्रीजरमधून काढलेली कुपी लगेच उघडली की बाहेरची ओल आत जमते आणि भुकटी चिकट होते. दोन्हीवर उपाय एकच: कुपी बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मग सेंट्रिफ्यूजमध्ये थोडा वेळ फिरवायची, आणि नंतरच उघडायची.

विरघळवताना पेप्टाइडवरचा विद्युतभार मोजा. लायसिन, आर्जिनिन आणि एन टोक यांना प्रत्येकी अधिक एक. अ‍ॅस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल आणि सी टोक यांना प्रत्येकी उणे एक. बेरीज अधिक आली तर आधी पाणी, नाही जमले तर सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल. उणे आली तर सौम्य अमोनियम बायकार्बोनेट. पाण्याला दूर ठेवणारी अमिनो आम्ले जास्त असतील तर थोड्या डीएमएसओत विरघळवून मग बफरमध्ये थेंबथेंब सोडायचे, ढवळत ढवळत. पेप्टाइडमध्ये सिस्टीन किंवा मेथिओनिन असेल तर डीएमएसओ टाळलेला बरा, कारण त्याने ऑक्सिडेशन होते. एन किंवा सी टोकाला एकटे सिस्टीन असेल तर ते बहुतेक वाहकाला जोडण्यासाठी मुद्दाम लावलेले असते. अशी दोन पेप्टाइडे काही काळाने एकमेकांना जोडली जातात. त्याने अडवण्याचे काम सहसा बिघडत नाही, पण गढूळपणा आला तर सेंट्रिफ्यूज करून पाहा. ते जोड तोडायला डीटीटी मात्र मिश्रणात घालू नका. तो अँटिबॉडीच्या साखळ्यांमधले बंधही तोडतो.

डीएमएसओवाल्यांसाठी हिवाळ्याची एक सूचना. डीएमएसओ साधारण १८.५ अंशांना गोठतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी खानदेशातल्या खोलीचे तापमान याच्या खाली असते, मग फ्रीजमधली नळी तर पूर्ण दगड. वरवर वितळलेल्या नळीतून पिपेट भरला तर आत काय आले याचा भरवसा नाही. पूर्ण वितळू द्या, व्होर्टेक्स करा, मगच घ्या. एसडीएसही याच दिवसांत बाटलीच्या तळाशी पांढरा बसतो. लोडिंग बफर कोमट करून तो विरघळला का हे पाहिल्याशिवाय नमुना उकळायला ठेवू नका.

कुपीवरचे वजन आणि खरे पेप्टाइड यात फरक असतो हेही धरून चला. एचपीएलसीची शुद्धता ९५ टक्के लिहिली असली तरी त्या भुकटीत ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्लाचे क्षार आणि पाणी असते. निव्वळ पेप्टाइड ६० ते ८० टक्के असणे नेहमीचे. शुद्धता वेगळी, निव्वळ प्रमाण वेगळे. अडवण्याच्या कामाला शुद्धता ७०-८० टक्केही पुरते. ९५ वर जास्त पैसे घालवण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

किती घालायचे: हिशेब करून पाहा

माहितीपत्रकात ‘वजनाने पाचपट पेप्टाइड’ असे वाचायला मिळते. ते पाचपट म्हणजे प्रत्यक्षात किती?

अँटिबॉडीचा रेणू साधारण १,५०,००० डाल्टनचा. १ मायक्रोग्रॅममध्ये सुमारे ६.७ पिकोमोल, आणि प्रत्येकीला दोन पकडी, म्हणजे १३ पिकोमोल जागा. १५ अमिनो आम्लांचे पेप्टाइड साधारण १,६५० डाल्टनचे. ५ मायक्रोग्रॅममध्ये सुमारे ३,००० पिकोमोल. निव्वळ प्रमाण ७० टक्के धरले तरी २,१००. म्हणजे एकेका जागेमागे दीडशेहून जास्त पेप्टाइडे उभी आहेत. वजनात पाचपट दिसते ते रेणूंच्या संख्येत शंभरपटींच्या वर जाते.

मग शुद्ध केलेल्या अँटिबॉडीला पाचपट पेप्टाइड देऊनही बँड हलला नाही, तर आणखी पाचपट ओतण्यात अर्थ नाही. कारण दुसरीकडे शोधायचे. याला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे: अंतिम द्रावणातली सांद्रता. अँटिबॉडी फार पातळ वापरत असाल, समजा १ मिलीत ०.०२ मायक्रोग्रॅम, तर पाचपट पेप्टाइड म्हणजे १ मिलीत फक्त ०.१ मायक्रोग्रॅम, साधारण ६० नॅनोमोलर. अँटिबॉडीला मेम्ब्रेनवर प्रथिन दाट बसलेले मिळते आणि ती दोन्ही हातांनी धरते. द्रावणातले पेप्टाइड एकेका हाताला धरते आणि सोडते. रात्रभर ही ओढाताण चालली की पातळ पेप्टाइड हरते. म्हणून प्रमाण पाहण्याऐवजी मी अंतिम द्रावणात १ मिलीला किमान १ मायक्रोग्रॅम पेप्टाइड राहील असे पाहते. छोट्या नळीत घट्ट मिसळून मग १० मिलीत पातळ करण्याची पद्धत चांगली आहे, पण त्या १० मिलीतही ही पातळी टिकली पाहिजे.

शुद्ध न केलेला रक्तद्रव वापरत असाल तर हिशेब वेगळा. सशाच्या १ मायक्रोलिटर रक्तद्रवात एकूण आयजीजी १० मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. त्यातली पेप्टाइडला धरणारी थोडीच. बाकीच्यांत केएलएचविरुद्धच्या असतात आणि सशाच्या आयुष्यातल्या इतर सगळ्या असतात. पेप्टाइड त्यांना हातही लावत नाही. रक्तद्रवाने आलेला ५५ चा बँड पेप्टाइडने गेला नाही, तर तो याच गर्दीतल्या कोणाचा तरी असण्याची शक्यता मोठी. टोचण्याआधी काढलेला त्याच सशाचा रक्तद्रव मिळत असेल तर त्याची एक पट्टी चालवा, उत्तर लगेच मिळते.

आणि अँटिबॉडी फार घट्ट वापरू नका. रंग इतका चढला की बँड काळा ठिक्कर, तर नऊ दशांश पकडी अडवल्या तरी उरलेली एक दशांश तेवढाच काळा बँड देईल आणि तुम्ही म्हणाल पेप्टाइड चालत नाही. आधी पेप्टाइडशिवाय अँटिबॉडी पातळ करत जा. बँड स्पष्ट दिसेल पण भरून गेलेला नसेल, त्या पातळीवरच पेप्टाइडची चाचणी घ्या.

‘रूम टेंपरेचर’ म्हणजे आपली खोली नव्हे

पेप्टाइड आणि अँटिबॉडी ३० मिनिटे ते २ तास खोलीच्या तापमानाला, किंवा रात्रभर ४ अंशांना ठेवा, असे पत्रक सांगते. ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर २०-२५ अंशांची खोली असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला बाहेर ४४-४५ अंश असताना आणि दुपारी वीज गेलेली असताना ती खोली आपल्याकडे नसते. ५० मायक्रोलिटरचे मिश्रण अशा हवेत उघडे राहिले तर आटते. ब्लॉकिंगसाठी केलेले पाच टक्के दूध दुपारपर्यंत नासायला लागते आणि मेम्ब्रेनवर ठिपके सोडते. उन्हाळ्यात ही पायरी रात्रभर फ्रीजमध्येच करा, नळीचे झाकण पॅराफिल्मने बंद करून. दूध त्याच दिवशीचे, थंड पाण्यात केलेले. थंडीत उलट, अर्ध्या तासावर भागवू नका. दोन तास द्या, हलवत ठेवा.

पेप्टाइड मेम्ब्रेनवर थेट घालून, म्हणजे अँटिबॉडी आधीच बसल्यावर, अडवता येत नाही. मिश्रण आधी, मेम्ब्रेन नंतर.

उन्हाळ्यातल्या पार्सलबद्दलही विचारणा होते. बर्फाच्या पिशव्या वितळून पाणी झालेले खोके हातात आले तर कोरड्या भुकटीतल्या पेप्टाइडची फार चिंता करू नका, ते काही दिवस सहन करते. चिंता द्रावणातल्या अँटिबॉडीची करायची. आल्या दिवशीच जुन्या बॅचशेजारी तिचा एक ब्लॉट काढून ठेवावा. विरघळवलेले पेप्टाइड मात्र नाजूक. १ मिलीला १ मिलिग्राम अशा घट्ट द्रावणाचे २०-२० मायक्रोलिटरचे भाग करून उणे २० ला ठेवा आणि एक भाग एकदाच वापरा. पातळ करून ठेवलेले पेप्टाइड नळीच्या प्लास्टिकला चिकटते आणि द्रावणात कमी उरते.

दोन्ही बँड गेले तर आनंद लगेच करू नका

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे चुकीचा निकाल चांगल्या निकालाचे कपडे घालून येतो. पेप्टाइडवाल्या पट्टीवर काहीच नाही, साध्या पट्टीवर दोन बँड. लोक लिहितात, ‘दोन्ही बँड विशिष्ट’. पण पट्टी रिकामी येण्याची इतर कारणेही आहेत.

पेप्टाइडचे द्रावण आम्लधर्मी असते. ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्लामुळे नुसत्या पाण्यातल्या पेप्टाइडचा पीएच बराच खाली जातो. ते थेट एक-दोन मायक्रोलिटर अँटिबॉडीत मिसळले तर अँटिबॉडीच मार खाते. आधी पेप्टाइड बफरमध्ये घ्या, पीएचच्या कागदावर एक थेंब टाकून पाहा, मग अँटिबॉडी. द्रावणात सोडियम अझाइड असेल आणि सेकंडरीवर एचआरपी असेल तर अझाइड एचआरपीला बंद पाडतो. नीट धुतले तर बिघडत नाही, पण प्रत्येक वेळी नीट धुतले जाते असे नाही.

हे सगळे एका पट्टीने पकडता येते: असंबंधित पेप्टाइडची पट्टी. साधारण तेवढ्याच लांबीचे, तशाच द्रावकात विरघळवलेले, तेवढ्याच प्रमाणात घातलेले, पण क्रम वेगळा. त्याच अमिनो आम्लांचा क्रम उलटसुलट करून बनवलेले मिळाले तर उत्तमच. या पट्टीवर बँड टिकले आणि स्वतःच्या पेप्टाइडने गेले, तरच ‘पेप्टाइडने अडवले’ म्हणता येते. या पट्टीवरही गेले, तर पेप्टाइडने काही अडवलेले नाही, द्रावणाने अँटिबॉडी मारली आहे.

फॉस्फोरिलेटेड प्रथिनांवर काम करणाऱ्यांसाठी जोडून सांगते. तिथे फॉस्फेट लावलेले पेप्टाइड बँड घालवते आणि फॉस्फेट नसलेले घालवत नाही, असे दोन्ही दिसले पाहिजे. एकाच पेप्टाइडवर तो निष्कर्ष उभा राहत नाही.

समजा असंबंधित पेप्टाइडने बँड टिकले आणि स्वतःच्या पेप्टाइडने दोन्ही गेले. आता नक्की झाले की दोन्ही बँड अँटिबॉडीच्या पकडीतून येत आहेत. तरीही ५५ चा बँड विषाणूचा ठरत नाही. केळीच्या एखाद्या प्रथिनात त्या १५ अमिनो आम्लांतली पाच-सहा ओळीने तशीच असतील, तर अँटिबॉडी त्याच पकडीने त्यालाही धरेल आणि पेप्टाइड त्यालाही सोडवेल. पेप्टाइडचा क्रम केळीच्या प्रथिनांवर ब्लास्ट (क्रम ताडून पाहणारा संगणक प्रोग्रॅम) करून पाहणे पाच मिनिटांचे काम आहे आणि ते अँटिबॉडी मागवण्याआधीच करायचे.

तिसरी शक्यताही तपासा. सीएमव्हीचे कवच प्रथिन २१८ अमिनो आम्लांचे, साधारण २४ किलोडाल्टनचे आहे. अशी दोन न सुटता एकत्र धावली तर ५० च्या जवळ दिसतील, आणि घाईत चालवलेल्या जेलवर ५० आणि ५५ सहज एक वाटतात. ताजा डीटीटी किंवा ताजे मर्कॅप्टोइथेनॉल घाला, नमुना ९५ अंशांना पूर्ण १० मिनिटे ठेवा, आणि त्या उंचीवर जेल मोकळे पसरेल इतके लांब चालवा. वरचा बँड फिका पडून खालचा वाढला, तर तो जोडीचाच होता. २५ च्या खालचे बारीक बँड पेप्टाइडने जात असतील तर ते कवच प्रथिनाचे तुटलेले तुकडे असू शकतात. पान द्रवरूप नायट्रोजनमध्ये किंवा निदान बर्फात कुटून प्रोटिएज इनहिबिटर घालून पाहा.

निरोगी झाडाशिवाय हा निकाल पुरा होत नाही

२०१६ मध्ये अँटिबॉडी पडताळणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने नेचर मेथड्स या नियतकालिकात पाच मार्ग मांडले. त्यांत जनुक काढून टाकलेल्या पेशीत बँड जातो का हा मार्ग आहे, दुसऱ्या स्वतंत्र अँटिबॉडीशी ताडून पाहण्याचा आहे. पेप्टाइडने अडवणे त्या पाचांत नाही, आणि कारण वर आलेच: चुकीच्या प्रथिनाला त्याच पकडीने धरले तरी पेप्टाइड ‘बरोबर’ म्हणते.

माणसाच्या किंवा उंदराच्या पेशीतले जनुक काढणे खर्चाचे काम आहे. वनस्पतींच्या विषाणूवर काम करणाऱ्यांची यात सोय आहे. विषाणू नसलेले झाड म्हणजे आपल्यासाठी जनुक काढलेल्या पेशीच. खानदेशात उतिसंवर्धित रोपांची कमी नाही. त्याच जातीचे रोप घ्या, ग्रँड नैनवर काम असेल तर ग्रँड नैनच. फक्त उतिसंवर्धित आहे म्हणून ते विषाणूमुक्त धरू नका. आरटी-पीसीआरने (विषाणूचा आरएनए शोधणारी चाचणी) तपासून घ्या आणि मावा शिरणार नाही अशा बारीक जाळीत वाढवा, कारण हा विषाणू माव्याने पसरतो. त्या झाडाच्या अर्कातही ५५ चा बँड आला, तर पेप्टाइडने तो जावो की राहो, तो विषाणूचा नाही.

आता सगळे एका जेलवर बसवा. दहा घरांचा कंगवा घ्या. पहिल्या आणि सहाव्या घरात रंगीत मार्कर. उरलेल्या आठ घरांत चार जोड्या: निरोगी, रोगट, निरोगी, रोगट. प्रत्येक घरात एकूण प्रथिन सारखे. ट्रान्सफर झाले की पॉन्सो टाका, शिसपेन्सिलीने लेनच्या खुणा करा, प्रत्येक जोडीच्या कोपऱ्याला वेगवेगळी खाच द्या आणि मेम्ब्रेनचे चार तुकडे करा. पहिल्याला नुसती अँटिबॉडी, दुसऱ्याला अँटिबॉडी आणि तिचे पेप्टाइड, तिसऱ्याला अँटिबॉडी आणि असंबंधित पेप्टाइड, चौथ्याला फक्त सेकंडरी. चारही तुकडे एकाच वेळी धुवा, एकाच वेळी रंगात टाका आणि एकाच मिनिटाला थांबवा. वेगवेगळ्या दिवशी केलेले दोन ब्लॉट शेजारी ठेवून पेप्टाइडबद्दल काही बोलू नये. ट्रान्सफर दर वेळी सारखे होत नाही.

२५ चा बँड फक्त रोगट लेनमध्ये आहे, स्वतःच्या पेप्टाइडने जातो, असंबंधित पेप्टाइडने टिकतो आणि सेकंडरीच्या तुकड्यावर नाही: एवढे जमले की लिहा. यातले एकही सुटले असेल तर थांबा. नमुना आणून देणारा शेतकरी दारात उभा असतो आणि विचारतो, ‘सर, झाड उपटू का ठेवू?’ हरण्याची झाडे लवकर उपटून नष्ट करायची असतात. तो तुमच्या बँडवर विसंबून उभी बाग मोडणार असतो. म्हणून उपटण्याचा सल्ला देण्याआधी आरटी-पीसीआरचा निकालही हातात असू द्या.

५५ चा बँड हटवायचाच असेल तर

तो रुबिस्कोचा किंवा केळीच्या दुसऱ्या प्रथिनाचा आहे हे ठरले की पेप्टाइड बाजूला ठेवा. निरोगी केळीच्या पानाचा अर्क, एका भागाला २० भाग बफर, त्यात दोन टक्के पीव्हीपी, म्हणजे रसातले फिनॉल धरले जातात आणि अर्क तपकिरी होत नाही. त्या अर्कात अँटिबॉडी पातळ करा, ३७ अंशांना ४५ मिनिटे ठेवा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरचे द्रावण वापरा. केळीला धरणाऱ्या अँटिबॉडी तिथेच खर्ची पडतात. रक्तद्रव बराच असेल तर पेप्टाइड लावलेल्या स्तंभावरून तो शुद्ध करून घेणे जास्त टिकाऊ. केएलएचवाल्या अँटिबॉडीही त्यात सुटतात.

पेप्टाइड घातल्यावर उलट सगळी मेम्ब्रेन काळवंडत असेल तर ते पेप्टाइडच मेम्ब्रेनला चिकटते आहे आणि आपल्याबरोबर अँटिबॉडीला तिथे घेऊन जाते आहे. लायसिन-आर्जिनिन जास्त असलेल्या पेप्टाइडांत हे दिसते. पेप्टाइड कमी करा, मीठ आणि ट्वीन थोडे वाढवा.

आणि डॉट ब्लॉटने पेप्टाइड तपासणाऱ्यांसाठी: नुसते छोटे पेप्टाइड नायट्रोसेल्युलोजवर नीट टिकत नाही, धुताना वाहून जाते आणि ठिपका येत नाही. त्यावरून पेप्टाइड वाया गेले असे ठरवू नका. बीएसए या मोठ्या प्रथिनाला जोडलेले पेप्टाइड मागवून त्याचा ठिपका द्या, किंवा तेच एलायझाच्या प्लेटवर बसवून पेप्टाइडच्या वाढत्या सांद्रतेबरोबर रंग उतरतो का ते पाहा. पुढची ऑर्डर देताना उलटसुलट क्रमाचे पेप्टाइडही त्याच ऑर्डरमध्ये घाला आणि निव्वळ पेप्टाइडचे प्रमाण लेखी मागून घ्या.